यजमानाचा हात

यज्ञेश्वर मास्तरांना कुणी वेळ विचारली तर ते घड्याळ बघून सांगत, पण अंतर विचारलं तर आधी बसायला सांगत. त्यांचं म्हणणं असं, की अंतर ही काही उभ्या उभ्या सांगायची गोष्ट नाही. तुम्हाला कोस हवाय? मग कुठला कोस ते बोला. काशीचा वेगळा, पुण्याचा वेगळा, आणि पोथीतला तर गाईचं हंबरणं जिथवर ऐकू येईल तिथवरचा. आता गाय कुठली आणि ऐकणाऱ्याचे कान कसले, हे तुम्हीच ठरवा. बिचारा विचारणारा संकठा घाटाकडे जायला निघालेला असायचा, त्याला रस्ता डावीकडे की उजवीकडे एवढंच पाहिजे असायचं. तो हात जोडून सटकायचा.

छत्तीस वर्षं गणित शिकवून मास्तर निवृत्त झाले होते. शाळा सुटली, पण गणित सुटेना. निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती, तिच्यात जगातली सगळी मेलेली मापं त्यांनी ओळीनं मांडून ठेवली होती. आठ जवांचं अंगुळ, बारा अंगुळांची वीत, दोन वितींचा हात, चार हातांचं धनुष्य. पुढे गज, तेहतीस इंचांचा. आणि प्रत्येकासमोर लाल शाईत मीटर, दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत. शेवटच्या पानावर बनारसी मापं होती. इथला रिक्षावाला कुठलंही अंतर ‘बस, दो पान’ असं सांगतो, म्हणून मास्तरांनी एकदा तोंडात पान धरून, खिशात घड्याळ ठेवून रस्ता मोजला होता. एक पान म्हणजे एकटं चाललं तर चारशे बारा मीटर, आणि वाटेत ओळखीचा भेटला तर नव्वद. दोन्ही आकडे वहीत होते.

ही वही बघून त्यांची बायको आनंदीबाई फक्त एवढंच म्हणायची, की ह्यात मीठ-मिरचीचं काही असतं तर निदान मला उपयोग झाला असता. मास्तर ते मनावर घेत नसत. घेतलं असतं तर ही गोष्टच घडली नसती.

दोघं राहत होती सीताबाईच्या सत्रात. शिंदे घाटाच्या अलीकडे, गल्लीतून आत गेलं की हे सत्र. म्हणजे दक्षिणेतून येणाऱ्या आपल्या मराठी यात्रेकरूंनी उतरायची जागा. ग्वाल्हेरच्या एका सरदाराची विधवा, सीताबाई, तिनं सव्वाशे वर्षांपूर्वी ते बांधून दान दिलेलं. सत्राच्या नदीकडच्या अंगाला दोन खोल्या होत्या, त्यांत मास्तरांचा संसार एकतीस वर्षं चालला होता. भाडं इतकं जुनं होतं की घेणाऱ्यालाच मागायची लाज वाटे. मुलगी ह्याच खोल्यांतून लग्न होऊन जबलपूरला गेली. ओट्यावरची फळी मास्तरांनी ठोकलेली, खिडकीतून सकाळी गंगा दिसे, आणि आनंदीबाईला अंधारातही हिंगाची डबी हाताला लागे. ह्यापेक्षा जास्त काही दोघांना नको होतं.

चौऱ्याण्णवच्या माघात सत्राच्या समितीला विकासाची हुक्की आली. अध्यक्ष रत्नाकरपंत. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, त्यामुळे आता सत्रालाच बँक समजून दर आठवड्याला बैठक लावायचे. बैठकीत ठरलं, की यात्रेकरूंसाठी टाइल्स लावलेली चार नवी न्हाणीघरं पाहिजेत. जागा? जागा एकच होती, मास्तरांच्या खोल्या. पंतांनी मास्तरांना बोलावून, चहा पाजून, फार हळुवार भाषेत हे कानावर घातलं. मास्तर अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

घरी आल्यावर आनंदीबाईनं ऐकून घेतलं आणि भाजी चिरत सांगितलं, की आपण जागचं हलायचंच नाही. आपण भाडेकरू आहोत. बनारसमध्ये भाडेकरूला हलवायला कोर्टात दोन पिढ्या जातात, आपल्याला एवढं थांबायचंही नाही. तोवर पंतांची हौस फिटेल. बाई शहाणी होती. पण मास्तर शिक्षक माणूस, त्यांना प्रत्येक उत्तर वहीत लिहिलेलं हवं. खोल्या आपल्याच राहतील हे कुणीतरी सही-शिक्क्यानिशी द्यावं, मग झोप लागेल, असं त्यांना झालं.

आणि मग त्यांना ती अवदसा आठवली. नव्हे, त्यांच्या मते ती सुवर्णसंधी होती.

सत्राच्या उत्तरेला एक लॉज उभं राहिलं होतं. मालक गुप्ताजी. त्यांची भिंत सत्राकडे सरकलीय अशी कुरकुर पंत वर्षभर करत होते. सीताबाईच्या मोडी दानपत्रात सत्राची हद्द दिली होती : मारुतीच्या पारापासून उत्तरेस पन्नास हात. समितीला मोडी वाचून देणारे एकटे मास्तर. हात म्हणजे अठरा इंच, सगळं जग तसंच मानतं. पन्नास हात म्हणजे पंचाहत्तर फूट. आणि गुप्ताजींची भिंत होती पारापासून सत्त्याहत्तर फुटांवर. म्हणजे गुप्ताजी दोन फूट राखूनच सभ्य होते. पण हात अठराचा न धरता वीस इंचांचा धरला तर? पन्नास गुणिले वीस, हजार इंच, त्र्याऐंशी फूट चार इंच. भिंत सहा फूट चार इंच सत्राच्या हद्दीत. सहा फुटांच्या पट्टीत चार न्हाणीघरं आरामात बसतात, आणि मास्तरांच्या खोल्यांना कुणी बोट लावायचं कारण उरत नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर पंतांकडे गेले आणि सौदा ठरला. मास्तरांनी हात वीस इंचांचा सिद्ध करायचा. पट्टी मिळाली की समिती खोल्या मास्तरांना हयातभर लिहून देणार. पंतांनी तर कागदही टाइप करून ठेवला, नुसती तारीख टाकायची बाकी.

आता अठराचे वीस करायचे कसे? तुम्हीआम्ही असतो तर तलाठ्याला गाठलं असतं. मास्तरांनी शास्त्राला गाठलं. यज्ञाची वेदी बांधतात तेव्हा बाजारातलं माप चालत नाही, यजमानाच्या अंगाचंच माप चालतं. त्याचं बोट ते अंगुळ, त्याचं कोपर ते मधलं बोट तो हात. घरात चार पिढ्या भिक्षुकी झालेली, हे त्यांना पाठ होतं. मग सत्राचं दान हा यज्ञ नव्हे काय? समितीनं माना डोलावल्या. यज्ञ म्हटल्यावर नाही कोण म्हणणार.

घरी हे सांगताना मास्तर इतके खुशीत होते की जेवताना दोनदा कढी मागितली. आनंदीबाईनं वाढता वाढता विचारलं, “दान सीताबाईंनी दिलं ना? मग हात बाईचा धरायला नको?”

मास्तर हसले. बाईचा हात पंधरा-सोळा इंचांवर जात नाही, सगळं मुसळ केरात. त्यांनी समजावलं, की यज्ञाला यजमान पुरुषच बसतो, बाई नुसती शेजारी. नवरा वारलेला असेल तर मुलगा. मुलगाही वारलेला असेल तर त्याचा वंशज. आनंदीबाई म्हणाली, सगळे वारेपर्यंत थांबायचं आणि देणारीचं नाव मात्र घ्यायचं नाही, हे बरंय तुमचं. पण तिनं वाद वाढवला नाही. कढी संपली होती.

वंशज सापडला ग्वाल्हेरला. विश्वेश नावाचा, स्कूटरच्या दुकानात असलेला, सहा फूट दोन इंचांचा आडदांड गडी. सीताबाईच्या नातवाचा नातू. समितीनं त्याला येण्याजाण्याचं रिझर्व्हेशन पाठवलं, तेव्हा त्याला वाटलं आपल्याला काशीत काहीतरी इस्टेट मिळणार. इथे आल्यावर पंतांनी त्याला हार घातला, पाटावर बसवलं, सदरा काढायला लावला आणि हात लांब करायला सांगितलं. पोरगा घाबरलाच. त्याला वाटलं सुई टोचतात.

मास्तरांनी आदल्या दिवशीच नवीन पितळी पट्टी आणली होती. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत भरले एकोणीस इंच आणि तीन चतुर्थांश. पाव इंच कमी पडलं होतं. मग मास्तरांच्याच लक्षात आलं, की विश्वेशचं नख वाढलेलं आहे आणि आपण ते धरलेलं नाही. नख हा शरीराचा भाग की नाही ह्यावर दीड तास चर्चा झाली. एक सदस्य म्हणाले, कापलं तर दुखत नाही, म्हणजे भाग नव्हे. पंत म्हणाले, माझे केस कापतानाही दुखत नाही, म्हणून मी टकला ठरतो काय? ते टकले होतेच, पण अध्यक्ष असल्यामुळे मुद्दा मंजूर झाला. नखासकट वीस इंच, एकमतानं. बिचाऱ्या विश्वेशला बजावलं, की मोजणी पूर्ण होईपर्यंत नख कापायचं नाही. तो ग्वाल्हेरला परत गेला, स्कूटरचा नट फिरवताना तेच बोट जपत.

मास्तरांनी अर्ज तयार केला. मोजणीच्या सरकारी दफ्तरात मिसिरजी नावाचे कारकून होते, अतिशय सालस आणि अतिशय चिकट. त्यांच्या फॉर्मात एक रकाना होता : लांबी, मीटरमध्ये, दशमलवाच्या दोन स्थानांपर्यंत. मास्तरांनी भरलं, पंचवीस पूर्णांक चाळीस. हे लिहिताना त्यांना आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. मेलेल्या मापाला त्यांनी जिवंत करून सरकारदरबारी उभं केलं होतं.

मिसिरजींनी सोबतचा ठराव वाचला. नखाचा भाग दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, शास्त्राचं आहे म्हणता तर ठीक, सरकारला फक्त मीटर पाहिजे, मीटर कुणाच्या बोटातून आला ते सरकार विचारत नाही. फक्त दानपत्राची ‘पूरी नकल’ लावा. अर्धी चालत नाही.

मास्तरांनी तोवर दानपत्रातल्या हद्दीच्याच ओळी उतरवल्या होत्या. उरलेला मजकूर म्हणजे नेहमीचं पुण्य-पाप, जो ह्या दानाला धक्का लावील तो अमुक नरकात जाईल वगैरे. त्या संध्याकाळी बसून त्यांनी तोही देवनागरीत उतरवला. टपोरं अक्षर, काना-मात्रा सुबक. मध्ये एक कलम आलं : घाटाच्या वरच्या पायरीपासून पश्चिमेस साठ हात जागा यात्रेकरूंस टेकावयास मोकळी राखावी, तीत कोणी भिंत घालू नये, चूल मांडू नये. मास्तरांनी तेही त्याच प्रेमानं लिहिलं. जो माणूस तोंडातल्या पानाचंही मीटर करी, त्याला ह्या साठ हातांचं गणित करावंसं वाटलं नाही. कारण फॉर्मात त्याचा रकाना नव्हता. रकाना नसला की मास्तरांना आकडा दिसतच नसे, छत्तीस वर्षं गणित शिकवल्याचा हा परिणाम.

चैत्रात मोजणी झाली. मिसिरजी दोन माणसं आणि पोलादी फीत घेऊन आले. समिती धुतलेल्या धोतरांत हजर. गुप्ताजीही आले, पान चघळत, कुणावर राग नसल्यासारखे. पारापासून फीत उत्तरेला गेली, पंचवीस पूर्णांक चाळीसवर खडूची रेघ पडली, ती थेट लॉजच्या आत, गुप्ताजींच्या गाद्यांच्या खोलीत. पंतांनी टाळी वाजवायला हात उचलले होते.

गुप्ताजींनी पान थुंकलं आणि अगदी विनयानं म्हटलं, की भिंत मी मागे घेतो, धर्माचं काम आहे. फक्त माझी एक विनंती, कागद पूर्ण वाचावा आणि पूर्णच मोजावा. त्यांनी दफ्तरातून ती पूर्ण नकल मिळवली होती. मास्तरांच्याच अक्षरातली. अक्षर इतकं स्वच्छ होतं की गुप्ताजींच्या मुनिमालाही मराठी वाचता आलं.

मिसिरजींनी कलम वाचलं. मग कागदाच्या पाठीवर साठ गुणिले वीस केलं, बाराशे इंच, शंभर फूट, तीस पूर्णांक अठ्ठेचाळीस मीटर. फीत घाटाच्या वरच्या पायरीला लावली आणि पश्चिमेला ओढायला सुरुवात केली. ती अंगणातून आली, तुळशीपाशी आली, मास्तरांच्या उंबऱ्यापर्यंत आली तेव्हा एक्क्याण्णव फूट झाले होते. फीत थांबली नाही. आनंदीबाई कणीक मळत होती, तिनं पाय बाजूला घेतले. फीत ओट्याजवळून, पलंगाखालून जात मागच्या भिंतीवर टेकली. तिथे कालनिर्णय लटकत होतं. मिसिरजींनी ते बाजूला सारून खडूनं फुली मारली. शंभर फूट. खोल्या सगळ्याच्या सगळ्या रेघेच्या आत.

मास्तरांना घाम फुटला. तरी बुद्धी चालूच होती. ते म्हणाले, ह्या कलमात जागा यात्रेकरूंसाठी आहे, म्हणजे इथला यजमान यात्रेकरू, म्हणून हात यात्रेकरूचा धरला पाहिजे. यात्रेकरू साधारण बुटके असतात. अठराचा धरला तरी नव्वद फूट, आमचा उंबरा एक फूट बाहेर राहतो.

मिसिरजींनी फीत गुंडाळायला घेतली. त्यांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. मग म्हणाले, “मास्टरजी, एक काग़ज़ में दो हाथ नहीं चलते. हाथ आप ही का नापा हुआ है.”

मास्तरांनी पंतांकडे पाहिलं. पंत म्हणाले, खोल्या लिहून द्यायला मी आजही तयार आहे, शब्द म्हणजे शब्द. पण मोकळ्या जागेत खोल्या असणार कुठून? दान मोडलं तर आपण सगळे नरकात जाऊ, तुम्हीच तर उतरवलंय. समितीनं पुन्हा माना डोलावल्या. आता प्रश्न भाडेकरूचा राहिलाच नव्हता. कोर्टात दोन पिढ्या भांडता येतं ते घरमालकाशी. दानपत्रातल्या मोकळ्या जागेत मांडलेल्या चुलीला कोर्ट काय आणि कचेरी काय. एरवी ज्या दफ्तरात फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला एक मौसम लागतो, तिथून गुप्ताजींच्या कृपेनं नऊ दिवसांत हुकूम आला.

वैशाखात समितीनं मास्तरांचा सत्कार केला. शाल, नारळ, आणि ‘प्राचीन मापनशास्त्राचे उद्धारक’ असं लिहिलेलं मानपत्र. भाषणात पंतांनी सत्राला मिळालेल्या पट्टीचा उल्लेख केला, नव्या न्हाणीघरांच्या टाइल्सचा रंग सांगितला आणि घाटाकडे प्रशस्त मोकळी जागा झाल्याबद्दलही मास्तरांचेच आभार मानले. विश्वेशचं अभिनंदनाचं पत्र वाचून दाखवलं. त्यानं शेवटी विचारलं होतं, आता नख कापू का? सभा हसली. मास्तर शाल मांडीवर घेऊन बसले होते. आनंदीबाई सत्काराला आली नव्हती, ती भांडी बांधत होती.

नवी खोली मिळाली चौखंब्याच्या बाजूला, आतल्या गल्लीत. सत्रापासून दोन पान. खिडकी होती, पण तिच्यातून समोरच्या घराची मोरी दिसे. पहिले चार दिवस आनंदीबाईचा हात सारखा हवेत जायचा, जिथे फळी असायची तिथे. हिंग शोधायचा म्हणजे उठून ट्रंक उघडायची. एकतीस वर्षांत ती जे जे बोलली होती ते सगळं मास्तरांना त्या चार दिवसांत ऐकू आलं.

पाचव्या दिवशी ते सुतारगल्लीतून फळी घेऊन आले, दोन खिळे आणि हातोडी घेऊन. पितळी पट्टी काढली आणि ओट्यापासून उंची किती ठेवू म्हणून विचारलं. आनंदीबाई म्हणाली पट्टी नको, मागच्या वेळेसारखंच करा. मागच्या वेळी, म्हणजे एकतीस वर्षांपूर्वी, लग्नाला दोन महिने झाले असताना, तिनं ओट्यावर कोपर टेकून हात भिंतीला लावला होता आणि जिथे बोट पोचलं तिथे मास्तरांनी फळी ठोकली होती. मास्तर ते साफ विसरले होते. निळ्या वहीत ते माप कुठेच नव्हतं.

तिनं कोपर टेकलं. पिठाचा हात भिंतीवर सरळ वर गेला. मास्तरांनी बोटाच्या टोकाशी पेन्सिलीची रेघ ओढली. मग खोड ती, पट्टी लावून पाहिलीच. बरोबर सोळा इंच.

ते तसेच उभे राहिले. ओठ हलायला लागले.

“किती होतात?” आनंदीबाईनं विचारलं. काय चाललंय ते तिला ठाऊक होतं.

“साठ हातांचे?” मास्तर म्हणाले. “ऐंशी फूट.”

“आणि आपला उंबरा?”

“एक्क्याण्णववर.”

तिनं भिंतीवरचा हात काढून घेतला. भिंतीवर पिठाची बोटं उमटली होती, पेन्सिलीच्या रेघेला टेकलेली.

“ठोका खिळा,” ती म्हणाली.